निशाचर पाहुणा

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. शाळा सुटून तासभर झाला होता. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती आणि मी प्रयोगशाळेतील कपाटांना कुलपे लावीत होतो. इतक्यात आठवीतील एक विद्यार्थी घरी जाऊन परत आला आणि दारात उभा राहिला. त्याच्या दोन्ही हातांत लोकरीची एक कानटोपी होती, आणि ती त्याने इतक्या जपून धरली होती की, आत काहीतरी नाजूक आहे हे न सांगताच कळावे. "सर, हा कालपासून मागचे पाय ओढतो," एवढेच तो कसाबसा बोलला आणि त्याला रडू कोसळले.

टोपीत मुठीत मावेल एवढा एक करड्या रंगाचा प्राणी अंग चोरून बसला होता. चेहरा खारीसारखा, पण डोळे खारीपेक्षा मोठे, काळेभोर आणि बाहेर आलेले. नाकापासून पाठीच्या टोकापर्यंत एक काळा पट्टा. दोन्ही बगलांना सैल कातडीची घडी. मी बोट पुढे करताच त्याने रातकिड्याच्या किरकिरीसारखा, पण अधिक घोगरा असा आवाज काढला. पुढच्या दोन पायांवर त्याने अंग उचलले. मागचे दोन पाय मात्र ओल्या दोरीसारखे लोळत राहिले.

हा प्राणी म्हणजे इंग्रजीत ज्याला शुगर ग्लायडर म्हणतात तो. आपल्या शहरातही हल्ली हौसेने हा प्राणी पाळणारी काही घरे आहेत. त्या मुलाच्या मामाने वाढदिवसाची भेट म्हणून तो आणून दिला होता. भेट देणाऱ्याची माया खरी होती, घेणाऱ्याचीही खरी होती, आणि तरीही तीन महिन्यांत त्या जिवाची ही दशा झाली होती. असे का व्हावे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घोळत राहिला. त्यानिमित्ताने जे वाचले, विचारले आणि डोळ्यांनी पाहिले, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

प्रथम या पाहुण्याचे कुलगोत्र पाहू. दिसायला हा आपल्या सह्याद्रीतील उडत्या खारीचा धाकटा भाऊ वाटतो. पण दोघांचे नाते तसे काहीच नाही. उडती खार ही उंदीर-घुशींच्या, म्हणजे कृंतक प्राण्यांच्या वर्गातील. ग्लायडर हा कांगारूसारखा पिलाला पोटाच्या पिशवीत वाढविणारा शिशुधान प्राणी. त्याचे पिलू अवघ्या सोळा दिवसांच्या गर्भवासानंतर जन्मते. ते तांदळाच्या दाण्याएवढेच असते आणि पुढचे सुमारे सत्तर दिवस आईच्या पिशवीत काढते. झाडावरून झाडावर जाण्याची अडचण दोघांपुढेही सारखीच होती. दोघांनीही आपापल्या वाटेने पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत ताणता येणारा कातडीचा पडदा मिळविला. सारखी गरज पडली म्हणजे निसर्ग दोन निराळ्या घराण्यांना एकच अंगरखा कसा शिवून देतो, याचे हे सुरेख उदाहरण होय. हा पडदा पसरून ग्लायडर पन्नास मीटरपर्यंत, म्हणजे क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्यांइतके अंतर, हवेतून तरंगत जाऊ शकतो. तो उडत नाही. संक्रांतीचा पतंग जसा हवेचा आधार घेतो, तसा तो घेतो आणि शेपटीने दिशा सांभाळतो.

याचे मूळ घर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि आसपासची बेटे. १८३०-४० च्या दशकात त्याला पेटॉरस ब्रेव्हिसेप्स हे शास्त्रीय नाव मिळाले. पुढे २०२० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ऑस्ट्रेलियात ज्याला आपण एक जात समजत होतो, त्या वस्तुतः तीन निरनिराळ्या जाती आहेत. अमेरिकेतील पाळीव ग्लायडरांची आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हा त्यांचे मूळ पश्चिम पापुआतील सोरोंग बंदराच्या आसपासच्या अरण्याशी जुळले. म्हणजे ज्याला आपण हैदराबादेच्या कोरड्या उन्हात पिंजऱ्यात ठेवतो, त्याचे पूर्वज बारमाही दमट, दाट झाडीत राहणारे असण्याचाच संभव अधिक. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

आता त्या पायांकडे वळतो.

"तू याला खायला काय घालतोस?" मी विचारले. तो म्हणाला, "केळे, द्राक्षे, मक्याचे दाणे, शेंगदाणे, आणि रात्री दूध-पाव." दुकानदाराला त्याने विचारले होते. दुकानदार म्हणाला होता, "कुछ बी खाता साब, फिकर नक्को करो." (आपला 'नको' दखनी बोलीत किती सुखाने नांदतो पाहा! पण या वेळी त्या गोड शब्दाने घात केला.) नावात शुगर म्हणजे साखर आहे, तेव्हा गोड ते सारे चालेल, अशी घरातल्यांचीही समजूत झाली. सणावाराला त्याला बत्तासाही मिळे.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका पशुवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी प्राण्याला तराजूत ठेवले. वजन भरले ब्याऐंशी ग्रॅम. क्ष-किरण चित्र काढून त्यांनी ते आम्हांला प्रकाशासमोर धरून दाखविले. मांडीची हाडे जिथे पांढरी, ठळक दिसावयास हवी होती, तिथे ती धुरकट, काचेवर ओढलेल्या फिक्या रेघेसारखी दिसत होती. त्या म्हणाल्या, "पायाला काही झालेले नाही. हाडातला चुना संपला आहे."

याचा अर्थ असा. रक्तात कॅल्शियमचे प्रमाण ठराविक असावे लागते. ते नसेल तर स्नायू चालत नाहीत, हृदयदेखील चालत नाही. अन्नातून पुरेसे कॅल्शियम मिळाले नाही, किंवा त्याच्या मानाने फॉस्फरस फार झाला, तर शरीर हाडांतील साठ्याला हात घालते. घरखर्च भागेना म्हणून बँकेतील ठेव मोडत जावी, तसा हा व्यवहार. काही दिवस बाहेरून सारे ठीक दिसते. मग एके सकाळी मागचे पाय उचलत नाहीत. ग्लायडरच्या अन्नात फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट कॅल्शियम असावे, असे जाणकार सांगतात. आता त्या मुलाची यादी या मापाने तपासा. द्राक्षांत कॅल्शियमच्या दुप्पट फॉस्फरस. केळ्यात आणि शेंगदाण्यांत सुमारे चौपट. मक्याच्या दाण्यांत तर कॅल्शियम नावालाच. याउलट पपई, अंजीर, संत्रे यांत कॅल्शियमच अधिक, चिकूही बरा. पालकात कॅल्शियम असते खरे, पण त्यातील ऑक्झॅलेट ते बांधून ठेवते, म्हणून त्यावर विसंबू नये. गाईचे दूध या प्राण्याला पचत नाही, त्याने हगवण लागते, आणि एवढ्याशा देहातले पाणी एका दिवसात आटून जाते. कांदा, लसूण आणि चॉकलेट यांचे तर नावही काढू नये.

मग अरण्यात हा खातो तरी काय? मला सर्वांत आनंद या प्रश्नाच्या उत्तराने झाला. तो बाभळीचा डिंक खातो! ऑस्ट्रेलियातील बाभळी आपल्या बाभळीहून वेगळ्या, तरी त्याच गोतातल्या. हिवाळ्यात किडे कमी झाले की, तो या झाडांच्या सालीतून पाझरणारा डिंक आणि निलगिरीच्या जातीच्या झाडांचा गोड रस यांवर दिवस काढतो. सालीला दातांनी खाचा पाडून तो रस वाहता ठेवतो. 'शुगर' हे नाव त्या रसावरून पडले. वाण्याच्या साखरेशी त्याचा काही संबंध नाही. उन्हाळा आला की, तो पतंग, भुंगे, अळ्या यांची शिकार करतो. फुलांतील मध आणि परागही चाटतो. आपल्या आया थंडीत डिंकाचे लाडू करतात तेव्हा कॅल्शियमचा हिशेब मांडीत नसतील. पण डिंकात कॅल्शियम चांगले असते, हे खरे. पिंजऱ्यातील काठीला भोके पाडून त्यांत बाभळीचा स्वच्छ डिंक थोडासा भरून ठेवला, तर ग्लायडर अर्धी रात्र तो खरवडून काढण्यात रमतो. पोट भरते थोडे. वेळ जातो फार. आणि ज्या कामासाठी त्याचे दात घडले, ते काम त्याला मिळते.

जाता जाता दातांविषयी एक गोष्ट. उंदीर-खारींचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून ते घासून किंवा कापून बेताचे ठेवावे लागतात. ग्लायडरचे दात तसे वाढत नाहीत. त्याला खारीचा भाऊबंद समजून दात कापणारे लोक आहेत, असे त्या बाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

बाईंनी कॅल्शियमचे औषध दिले, ड जीवनसत्त्व दिले, आणि एक अट घातली: तीन आठवडे त्याला बुटक्या पेटीत ठेवायचे, चढू द्यायचे नाही, उडी मारू द्यायची नाही, कारण अशी हाडे किंचित झटक्यानेही मोडतात. त्यांनी आहारही ठरवून दिला. ऑस्ट्रेलियातील प्राणिसंग्रहालयांत लेडबीटर मिश्रण या नावाचे एक खाद्य करतात. दीडशे मिलिलिटर कोमट पाणी, तेवढाच मध, सोललेले एक उकडलेले अंडे, पंचवीस ग्रॅम लहान मुलांचे प्रथिनयुक्त धान्यपीठ आणि जीवनसत्त्वे व खनिजे यांची पूड एक चमचा, असा तो पाक. शंभर ग्रॅमच्या ग्लायडरला सारे मिळून दिवसाला पंधरा ते वीस ग्रॅम अन्न पुरते. त्यात अशा मिश्रणाचा अर्धा वाटा, उरलेल्यात कीटक, आणि फळे अगदी थोडी. फळ हे त्याचे जेवण नव्हे; ती चटणी-कोशिंबीर समजावी.

इथे एक अडचण उभी राहिली. मुलाचे घर शुद्ध शाकाहारी. आजींचे सोवळे-ओवळे अजून चालते. त्या घरात अंडे कधी शिरलेले नाही, मग अळ्यांची गोष्टच सोडा. मला त्या घरी बोलावणे आले. आजींनी मला समोर बसवून विचारले, "अहो मास्तर, गाय जन्मभर गवत खाऊन जगते, ह्याला भाताचा घास का चालू नये?" मी म्हणालो, "आजी, गाईला आपण कधी डिंकाचा लाडू घालतो का? ज्याचे पोट जसे घडले, तसे त्याला लागते." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते खरे. आता घरात आणलाच आहे, तर उपाशी ठेवण्याचे पाप मी घेणार नाही." निकाल असा झाला की, गच्चीवरील खोलीत विजेची एक वेगळी किटली ठेवावी, अंडे तिथेच उकडावे, आणि अळ्यांचा डबा कोणत्याही परिस्थितीत लोणच्याच्या बरण्यांच्या कपाटापाशी दिसता कामा नये. हा तह आजतागायत पाळला गेला आहे.

अळ्या म्हणजे पक्ष्यांचे खाद्य विकणाऱ्या दुकानांत मीलवर्म नावाने मिळतात त्या. त्यांतही फॉस्फरस जास्त असतो, म्हणून कॅल्शियमची पूड भुरभुरून त्या द्याव्या लागतात. बागेतले किडे पकडून घालू नयेत. बागेत फवारलेले औषध त्यांच्या पोटात असते. माझ्या मते, ज्या घराला हे सारे करणे जड जाईल, त्या घराने हा प्राणी आणूच नये. त्यात कमीपणा काही नाही.

आता रात्रीची गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकांनी सहलीत नेहरू प्राणिसंग्रहालय पाहिले असेल. १९६३ साली ते लोकांसाठी उघडले आणि १९८२ साली तिथे निशाचर प्राण्यांसाठी एक वेगळे घर बांधले गेले. या घरात दिवस आणि रात्र यांची अदलाबदल केलेली असते. आपण दुपारी आत शिरतो तेव्हा आत मंद, चांदण्यासारखा उजेड असतो, आणि वाघळे, लाजवंती वानर, उदमांजर असे प्राणी जागे होऊन हिंडत असतात. आपण घरी परतल्यावर तिथे दिवे लागतात आणि त्यांची झोपेची वेळ होते. प्रेक्षकांची सोय आणि प्राण्याचा धर्म या दोहोंची अशी सांगड घालायला एक संपूर्ण इमारत लागली. घरी ग्लायडर पाळणारा मात्र समजतो की, माणसांनी जागे केले की तो जागा होईल.

त्या मुलाच्या घरी हेच चालले होते. पाहुणे आले की, दुपारी दोन वाजता टोपीतून त्याला बाहेर काढून दाखवीत. त्याचे एवढे मोठे डोळे काजव्याच्या प्रकाशातही पाहता यावे म्हणून आहेत. खिडकीतले ऊन त्यांना कसे सोसावे? रात्री दिवाणखान्यात अकरापर्यंत झगझगीत दिवे आणि दूरचित्रवाणीचा आवाज. म्हणजे त्याची पहाट झाली तरी सूर्य मावळत नसे. आम्ही पिंजरा गच्चीवरील खोलीत हलविला, जिथे संध्याकाळी अंधार आपोआप पडतो. तांबड्या काचेचा एक लहान दिवा लावला. दिवसा पिंजऱ्यावर जाड सुती कापड. तेव्हापासून तो संध्याकाळी साडेसातच्या सुमारास स्वतःच उठू लागला. मुलाने नियम केला: अभ्यास संपवून आठ ते नऊ हा तास त्याचा. त्यानंतर मुलाने झोपायचे, त्याने जागायचे. मध्यरात्री तो कुत्र्याच्या पिलासारखा भुंकतो, हेही सांगून ठेवले पाहिजे. शेजारच्या काकूंना पहिल्या आठवड्यात गल्लीत कुत्रा अडकला आहे असेच वाटत होते.

दिवसा त्याला जवळ घ्यायचे नाही का? घ्यावे, पण झोपेत. गळ्यात अडकवायची कापडी पिशवी करून, त्यात तो झोपलेला असताना ती छातीशी बाळगली, तर त्याला आपल्या अंगाच्या वासाची ओळख होते. ग्लायडरांच्या जगात वास म्हणजे आडनाव. नराच्या कपाळावर गंधग्रंथी असते; ती तो आपल्या सोबत्यांच्या अंगावर घासतो आणि त्या वासाने कळपातला कोण व परका कोण हे ठरते. तिथले केस वयात आल्यावर झडतात. ते पाहून मुलाच्या आईला खरूज वाटली होती आणि ती तेल चोळणार होती. पिशवीचे कापड मात्र धागे न सुटणारे हवे. त्याची नखे आकड्यासारखी असतात. सुट्या धाग्यात बोट अडकून रक्त थांबल्याने ते गमावण्याचा प्रसंग येऊ शकतो.

पाय सुधारले. चौथ्या आठवड्यात तो पेटीच्या काठावर चढला, आणि त्या दिवशी वर्गात मुलाने मला खुणेनेच ते सांगितले. पण सप्टेंबरमध्ये नवी तक्रार आली. शेपटीच्या मुळाशी केस विरळ झाले होते, कातडी तांबूस दिसत होती. तो स्वतःच केस उपटीत होता.

मला हा भाग सर्वांत कठीण वाटतो. कॅल्शियम मोजता येते, उजेड विझविता येतो. एकटेपणाचे काय करावे? अरण्यात ग्लायडर झाडाच्या ढोलीत पानांचे घरटे करून एकत्र राहतात. एका कळपात पाच-सात मोठे प्राणी व त्यांची पिले असतात. थंडीत ते एकमेकांच्या अंगाची ऊब घेऊन झोपतात. त्यांच्या मागच्या पायांची दुसरी आणि तिसरी बोटे एकमेकांना जोडलेली असतात. ती त्यांची फणी. तिने ते स्वतःचे आणि सोबत्याचे केस विंचरतात. एकटा पडलेला ग्लायडर तीच फणी आणि तेच दात स्वतःवर चालवितो. कधी केस उपटतो, तर कधी आपलेच शेपूट, आपलाच पाय कुरतडून जखमा करून घेतो. त्यावर मलम चालत नाही. मुलगा म्हणाला, "सर, मी रोज दोन तास देतो." मी त्याला विचारले, "आणि उरलेले बावीस?" हे मी थोडे कठोरपणे बोललो, याचे मला नंतर वाईट वाटले. कारण दोष त्याचा नव्हता. एकच प्राणी विकणाऱ्याने आणि एकच आणणाऱ्याने हा प्रश्न त्याच्या पदरात टाकला होता.

शेवटी दुसरा ग्लायडर आला. एका कुटुंबाला तो सांभाळणे जमत नव्हते, त्यांच्याकडून पशुवैद्य बाईंनी मिळवून दिला, तोही नर. दोन पूर्ण वाढ झालेले नर भांडतात, आणि नर-मादी ठेवले तर वर्षभरात पिलांचा प्रश्न उभा राहतो, म्हणून दोघांचीही लहानशी शस्त्रक्रिया करून घेतली. पंधरा दिवस पिंजरे शेजारी-शेजारी. कापडी पिशव्यांची रोज अदलाबदल, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याच्या अंथरुणाला लागावा. मग एका संध्याकाळी, आमच्या सर्वांच्या देखत, दोघांना मोकळे सोडले. पाच मिनिटे घोगरी किरकिर झाली. नंतर ते एका पिशवीत शिरले.

पिंजऱ्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण हे भाग सोपे आहेत. रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची. दोघांसाठी साठ सेंटिमीटर लांब-रुंद आणि नव्वद सेंटिमीटर उंच एवढा तरी असावा. गजांतील फट सव्वा सेंटिमीटरहून जास्त नको. जस्ताचा मुलामा दिलेली साधी जाळी त्यांनी चाटली तर विषबाधा होते. आत फांद्या असाव्यात. फिरते चाक ठेवायचे तर मध्ये आडवा दांडा नसलेले ठेवावे, नाहीतर शेपटी अडकते. मोकळे सोडण्यापूर्वी छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, आणि न्हाणीघरातील पाण्याच्या बादल्या झाकलेल्या. आंघोळ कधीही घालू नये.

पण ऊन हा आपल्या शहराचा खास शत्रू आहे. चोवीस ते सत्तावीस अंश सेल्सिअस ही हवा या प्राण्याला मानवते; एकतीस-बत्तीसच्या पुढे तो तळमळू लागतो, अंग चाटून थंड होण्याची धडपड करतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि गच्चीवरची खोली तर भट्टीच होते. गेल्या एप्रिलमध्ये दोघांना तळमजल्यावरील माजघरात, चक्क देवघराच्या भिंतीपलीकडे, हलवावे लागले. वाळ्याचा पडदा भिजवून लावला, मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवले. वीज गेली की, आजी स्वतः ओले फडके पिंजऱ्याच्या एका बाजूस टाकीत. एकाच बाजूस, म्हणजे नको असेल त्याला दुसरीकडे सरकता यावे. ही युक्ती त्यांना कोणी शिकविली नव्हती. उलट डिसेंबरच्या एका पहाटे एक ग्लायडर गार, ताठर सापडला आणि घरात रडारड झाली. तो मेला नव्हता. थंडी वाढली किंवा अन्न कमी पडले की, हे प्राणी शरीराची उष्णता उतरवून काही तास सुप्तावस्थेत जातात. हातांच्या ओंजळीत हळूहळू ऊब दिल्यावर तो हलला. त्या रात्री खोलीची खिडकी उघडी राहिली होती.

"सर, मीही एक आणू का?" असे मला या वर्षात किमान सहा विद्यार्थ्यांनी विचारले. प्रत्येकाला मी प्रथम एक बेरीज करावयास सांगतो. नीट सांभाळला तर ग्लायडर दहा-बारा वर्षे जगतो, क्वचित पंधराही. आज तू तेरा वर्षांचा; बारा वर्षांनी कुठे असशील? पुण्याला, बंगळूरला, कदाचित परदेशी. तेव्हा संध्याकाळी साडेसातला पिंजरा कोण उघडेल? त्या मुलाने ही बेरीज उशिरा केली. उत्तर म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीने आपले नाव वहीत लिहून दिले आहे.

कायद्याकडेही पाहावे. आपल्या देशातील वन्य प्राणी, मग तो पोपट असो, चांदणी कासव असो वा सह्याद्रीतील उडती खार असो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरी पाळता येत नाहीत. परदेशी प्राण्यांसंबंधीचे नियमही २०२२ नंतर अधिक कडक झाले आहेत. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी आणि पावतीवाचून प्राणी घेऊ नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया, अलास्का आणि हवाई या राज्यांत तर हा प्राणी पाळण्यास बंदीच आहे.

आणि कंटाळा आला म्हणून त्याला हरिण वनस्थळीत किंवा एखाद्या बागेत सोडून देणे, हा विचार तर मनातही आणू नये. टास्मानिया बेटावर एकोणिसाव्या शतकात माणसाने ग्लायडर नेले. तिथे स्विफ्ट पॅरट नावाचा एक दुर्मिळ पोपट झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. रात्री ग्लायडर ढोलीत शिरून अंडी तर खातातच, पण अंड्यांवर बसलेल्या मादीलाही मारतात. आज त्या पोपटाची जात नष्ट होण्याच्या वाटेवर आहे, त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. तोच जीव, तोच स्वभाव. फक्त जागा चुकली.

मागच्या महिन्यात मी पुन्हा त्या घरी गेलो होतो. आजींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "मास्तर, वर जाऊन पाहा, पण जिन्यात दिवा लावू नका. त्यांची न्याहारीची वेळ आहे." मी अंधारात चाचपडत वर गेलो. तांबड्या उजेडात मुलगा भिंतीशी पाठ लावून, अजिबात न हलता बसला होता. पडद्याच्या दांडीवर दोन सावल्या होत्या. त्यांतली एक पुढे सरकली, मान दोनदा खालीवर करून तिने अंतर जोखले, मागचे दोन्ही पाय दांडीवर घट्ट रोवले आणि झेप घेतली. क्षणभर खोलीत एक चौकोनी रुमाल पसरलेला दिसला. मग माझ्या खांद्यावर लिंबाएवढे ओझे टेकले. कानाशी डिंक चघळण्याचा बारीक आवाज येत होता.

"हा कोणता?" मी कुजबुजलो.

"पायवाला, सर," तो म्हणाला.